फ्रिज तिसऱ्यांदा बंद, दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला

प्रश्न : दसऱ्याला पुण्यातल्या एका दुकानातून ३४,५०० रुपयांचा फ्रिज घेतला. आम्ही बार्शीत राहतो. आठ महिन्यांत तो तीनदा बंद पडला. सासूबाईंचं इन्सुलिन दोनदा वाया गेलं. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीचा माणूस व्होल्टेजला दोष देतो. आता दुकानदार ९,००० रुपये धरून फ्रिज एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहे. दोन लाखांची भरपाई मिळेल का?

उत्तर : ताई, आधी एक्स्चेंजला नकार कळवा. तो फ्रिज हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. ती हातची गेली तर तपासायचं काय?

आता तिन्ही जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचे कागद, समोर ठेवा. तुम्ही पाठवलेल्या प्रतींत पहिल्या खेपेला ‘गॅस लीक’, दुसऱ्या खेपेला ‘कॉम्प्रेसर बदलला’ असं लिहिलंय. व्होल्टेज हा शब्द येतो तो तिसऱ्यांदा, म्हणजे तुम्ही फ्रिज बदलून मागितल्यानंतर. शिवाय मोजलेलं व्होल्टेज किती होतं, याचा आकडा त्यावर कुठेच नाही. तुमची बाजू इथेच भक्कम होते. त्याच्या जोडीला बाहेरच्या जाणकार मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या.

दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. दाद मिळाली नाही तर तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकाला वगळलंत, की दुसरा त्याच्यावर ढकलून मोकळा होतो. तक्रारीसाठी पुण्याला जायला नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे सोलापूरच्या आयोगात ती चालते. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते; तेवढी वाट मात्र बघू नका.

दोन लाखांचं म्हणाल, तर मी तुम्हाला तसा सल्ला देणार नाही. फी लागत नाही म्हणून आकडा फुगवण्याचा मोह होतो, पण आयोग पावत्या पाहतो. फ्रिजची पूर्ण किंमत व्याजासह मागा, किंवा पर्याय म्हणून त्याच किमतीचा नवा फ्रिज. वाया गेलेल्या इन्सुलिनची केमिस्टची बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, तो खर्च वेगळा दाखवा. मधुमेही माणसाचं औषध नासणं ही साधी गैरसोय नाही, हे तक्रारीत ठसठशीत लिहा. मानसिक त्रासाची रक्कम त्यावरच उभी राहील. ती आणि तक्रारीचा खर्च माफक मागा.

दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा. पुष्कळदा कंपनी तिथेच नरमते. तडजोड झालीच तर अटी लिहून घ्या आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच फ्रिज उचलू द्या.