आईचा व्यवसाय : गृहिणी

मी करिअरचं समुपदेशन करते. एप्रिल संपत आला की माझ्याकडे एका ठरावीक प्रकारचे फोन सुरू होतात. नर्सरी, ज्युनिअर केजी, प्लेग्रुपमध्ये शिकवणाऱ्या बायकांचे. शाळेला सुट्टी लागलेली असते आणि बऱ्याच जणींचा पगारही सुट्टीवर गेलेला असतो. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच : "मॅडम, लहान मुलांना शिकवण्यात दहा-बारा वर्षं गेली. ह्यात पुढं काही आहे का? की सरळ बी.एड. करून टाकू?"

त्यातल्याच एकीची ही हकिगत. त्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय. नाशिकच्या सिडकोत त्या राहतात त्या गल्लीत त्यांना सगळे 'टीचर' म्हणतात, अगदी भाजीवालासुद्धा. मीही इथं तेच म्हणते.

टीचर ३६ वर्षांच्या. बारावी कला शाखेतून ५७ टक्के, एफ.वाय.ला असताना लग्न, मग कॉलेज सुटलं ते सुटलंच. नवरा अंबडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. घराजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्या ११ वर्षं ज्युनिअर केजीला शिकवत होत्या. पगार साडेनऊ हजार, तोही वर्षातले दहा महिने. कॅनडा कॉर्नरजवळच्या माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा मांडीवर प्लास्टिकची फाइल घट्ट धरून बसल्या होत्या. आत चार प्रमाणपत्रं. त्यातलं सगळ्यात देखणं, सोनेरी कडांचं, तीन महिन्यांच्या 'नर्सरी टीचर ट्रेनिंग'चं. भिशीच्या पैशांतून १८ हजार भरून घेतलेलं. त्यावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द दोनदा होता, कुठल्याही विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव एकदाही नव्हतं.

"अकरा वर्षं काढलीत, मग आत्ताच का यावंसं वाटलं?" मी विचारलं.

त्या जरा हसल्या. नववीतल्या मुलीनं कसलासा फॉर्म भरून सहीला आणला होता. वडिलांचा व्यवसाय : नोकरी. आईचा व्यवसाय : गृहिणी. "मी म्हटलं, अगं, मी रोज शाळेत जाते ना? तर म्हणाली, हो, पण ते बालवाडीचं ना. रागानं नाही हो म्हणाली. सहज म्हणाली. फॉर्म भरता भरता."

मी हे ऐकलं, मान डोलावली आणि कोरा कागद पुढं ओढला. माझी चूक झाली ती इथं. करिअरचं समुपदेशन करणाऱ्यांना तक्त्यांचं व्यसन असतं. समोरच्याचं दुखणं पुरतं ऐकण्याआधीच आमचे रकाने आखून तयार.

तक्ता मात्र चुकीचा नव्हता. ह्या प्रश्नाशी अडलेल्या इतरांच्याही तो उपयोगी पडेल.

सगळ्यात वर बी.एड., कारण सगळे तेच सुचवतात. त्यासाठी आधी पदवी हवी. टीचरांचं पहिलं वर्षसुद्धा पुरं नव्हतं. पदवीची तीन आणि बी.एड.ची दोन अशी पाच वर्षं धरा. एवढं करूनही बी.एड.वाल्याला पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी पात्र धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेला आहे. बी.एड. सहावीपासून वरच्या वर्गांसाठी. म्हणजे पाच वर्षं आणि लाखभर रुपये घालून टीचर जिथं पोचल्या असत्या, ती जागा त्यांच्या चार-पाच वर्षांच्या पोरांपासून सगळ्यात लांब.

डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., पहिली ते पाचवीसाठी चालतं. पण दोन वर्षं रोज कॉलेजात बसायचं, मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा हवी असेल तर शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणीही. घरातला दुसरा पगार दोन वर्षं बंद ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. अंगणवाडी सेविकेची जागा? बारावीची अट पुरी होत होती, वयाची नाही. पस्तिशी उलटलेली.

उरले दोन रस्ते. एक, इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, बालसंगोपन आणि बालशिक्षणाचा डिप्लोमा. बारावी पास पुरते, कमीत कमी एक वर्षाचा, नोकरी सांभाळून होतो. प्रवेश जानेवारीत किंवा जुलैत, परीक्षा जूनमध्ये किंवा डिसेंबरमध्ये, स्वाध्याय लिहून द्यावे लागतात आणि शेवटी प्रत्यक्ष मुलांबरोबर केलेला प्रकल्प. पुस्तकं हिंदीत मिळतात. फी त्या सोनेरी कडांच्या प्रमाणपत्राच्या मानानं कितीतरी कमी. दुसरा रस्ता आपल्याच नाशिकचा : गंगापूर धरणाच्या वाटेवरचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठातून आपल्याकडच्या किती बायकांनी अर्धवट सुटलेली बी.ए. पुरी केली, ते एकेका कुटुंबाला विचारावं. आधी डिप्लोमा, मागाहून बी.ए., असा बाण काढून मी कागद टीचरांच्या हातात दिला. मला वाटलं, काम झालं.

दोन महिने त्या फिरकल्याच नाहीत.

जूनच्या शेवटी आल्या, पावसात भिजत. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदलेले, रिक्षा लांब सोडून चिखलातून चालत आल्या होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "तुमचा तक्ता फ्रिजवर लावलाय मॅडम. रोज दूध काढताना वाचते."

"फॉर्म भरला?"

"नाही." मग थोड्या वेळानं : "सासूबाई म्हणतात, पोरंच तर सांभाळायची, त्याला डिग्री काय करायची? मला राग आला. पण रात्री वाटलं, खरंच की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फॉर्मवरचं 'गृहिणी' त्यांना लागलं होतं, कारण आतून त्यांनाही ते पटत होतं. अशा माणसाला डिप्लोमाची माहिती देऊन काय होणार? तो कशाचा डिप्लोमा, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

(मी त्यांना अनुताई वाघांचं उदाहरणही दिलं होतं. कोसबाडला आदिवासी मुलांसाठी आयुष्य दिलं आणि पदवी पन्नाशी उलटल्यावर घेतली. टीचर शांतपणे म्हणाल्या, "त्यांना सकाळी तीन डबे नसतील भरायचे." त्या दिवसापासून मी थोरामोठ्यांची उदाहरणं जपून वापरते.)

तक्ता बाजूला ठेवला आणि म्हटलं, गेल्या वर्षीच्या वर्गातलं एक मूल सांगा. कुठलंही.

त्या पंचवीस मिनिटं बोलल्या. एक मुलगा होता. रंगाचा खडू मुठीत धरायचा, भाजी चिरायची सुरी धरावी तसा. आईचा तगादा, दिवाळीपर्यंत ए टू झेड आलं पाहिजे. शाळेत शेरा, 'लिहिण्याचा कंटाळा करतो'. टीचरांनी पाहिलं की ह्याला डब्याचं झाकणही उघडत नाही, शेजारच्या मुलीकडे सरकवतो. चड्डीचं बटणही लागत नाही. म्हणजे कंटाळा कुठला, बोटांत जोरच नाही. त्यांनी महिनाभर त्याला पेन्सिल दिलीच नाही. पुठ्ठ्याच्या कडेला कपडे वाळवायचे चिमटे लावायला दिले. कणकेच्या गोळ्या वळायला दिल्या. पाण्याची वाटी आणि जुना ब्रश देऊन वर्गाची भिंत 'रंगवायला' लावली, उभ्यानं, कारण उभ्यानं भिंतीवर काम केलं की मनगट आपोआप कामाला लागतं. आणि मग रंगाचे खडू मुद्दाम मोडले.

"मोडले?"

"अख्खा खडू दिला की मूठ वळते. बोटाच्या पेराएवढा तुकडा मुठीत मावतच नाही मॅडम. चिमटीतच धरावा लागतो." माझ्या टेबलावरच्या पेन्सिलीचं झिजलेलं टोक उचलून त्यांनी दाखवलंही.

वीस वर्षं मी शिक्षणाच्या आसपास काम करतेय. हे मला माहीत नव्हतं. "हे कुठं लिहून ठेवलंय?" मी विचारलं. "ह्यात लिहायचं काय?" त्या म्हणाल्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा. त्यात म्हटलंय की ह्या वयात लहानग्यांच्या परीक्षा घेऊ नयेत, मुलाला खेळताना आणि काम करताना पाहावं, टिपून ठेवावं, त्याच्या हातच्या वस्तू जपाव्यात आणि त्यावरून पुढचं ठरवावं. टीचर हेच करत होत्या. फक्त टिपून ठेवत नव्हत्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते, असं एक वाक्य आहे. कॉलेज रोडवरच्या कुठल्याही प्लेग्रुपचं माहितीपत्रक उघडा, हा आकडा पहिल्या पानावर सापडेल. त्या ८५ टक्क्यांवर रोज काम करणाऱ्या बाईचा पगार कोणी छापत नाही.

तर मी त्यांना घरचा अभ्यास दिला. दुकानातली साधी वही, रोज एक मूल, तीन ओळी : काय पाहिलं, मी काय केलं, मग काय झालं. मत नको, 'हुशार', 'मस्तीखोर' असे शब्द नकोत. ऑगस्टमधली एक नोंद त्यांच्या परवानगीनं देते : "आज चिमटा दोन बोटांनी उघडला. सहा लावले. सातव्याला मूठ वळली, तिथं थांबवलं. उद्या पाचावरच थांबवायचं, म्हणजे परवा मागेल." एवढं लिहिता येणारी बाई स्वाध्यायाला घाबरते, हे मला चमत्कारिक वाटलं आणि तसं मी बोलूनही दाखवलं. डिप्लोमाचा फॉर्म त्यांनी त्याच आठवड्यात भरला. मोबाईलवर, मुलीच्या मदतीनं.

आता कागदांबद्दल, कारण पुढच्या सगळ्या अडचणी तिथंच येतात. टीचरांकडे ११ वर्षांत नेमणूक पत्र नव्हतं. पगार पाकिटात, सही एका वहीत. दुसऱ्या शाळेत जायचं तर अकरा वर्षं दाखवायची कशी? अनुभवाचा दाखला मागायला गेल्या तर शाळेनं दोन दिवसांत दिला, त्यावर पद 'सहायक'. वर्गाचं नाव नाही, रुजू झाल्याची तारीख नाही, जावक क्रमांक नाही. असा कागद असून नसून सारखा. मी त्यांना एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून दिल्या : पद, वर्ग, कोणत्या तारखेपासून, जावक क्रमांक आणि शिक्का. दुसऱ्या खेपेला 'पूर्वप्राथमिक शिक्षिका' आलं पण तारीख चुकली. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर. मुख्याध्यापिका काही वाईट नव्हत्या, त्यांना आजवर कोणी मागितलंच नव्हतं, एवढंच. त्याच बैठकीत टीचरांनी पगार बँकेत जमा करायची विनंती केली आणि ती मान्य झाली. मे महिन्याच्या पगाराचाही विषय काढला. तो मान्य झाला नाही.

पगाराबाबत मी कुणाला खोटी आशा लावत नाही. खासगी पूर्वप्राथमिकला सरकारी शाळेसारखी वेतनश्रेणी नाही, म्हणून डिप्लोमा हातात आला की पगार आपोआप वाढेल असं नसतं. डिप्लोमा आणि नीट दाखला असला तर चांगल्या शाळा मुलाखतीला बोलावतात, समन्वयक किंवा प्रशिक्षकाच्या कामासाठी नाव पुढं येतं, स्वतःचा प्लेग्रुप काढला तर पालकांसमोर ठेवायला काही असतं. अंगणवाडी सेविकांचं गणित निराळं. केंद्राच्या 'सक्षम अंगणवाडी' योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायच्या आहेत, इतर अटी पुऱ्या होत असतील तर. तिथं पदवी नसल्यानं किती तरी अनुभवी सेविका मागे राहतात. दिंडोरीकडची एखादी सेविका मला विचारते तेव्हा मी म्हणूनच सगळ्यात आधी मुक्त विद्यापीठाची बी.ए. सांगते, बाकीचं मागून.

टीचरांचे दोन पेपर झालेत, एक राहिलाय, प्रकल्प सुरू आहे. विषय घेतलाय बोटांची ताकद आणि लेखनपूर्व तयारी. वह्या तीन भरल्या. कणकेत हळद आणि बीटाचा रस घालून सासूबाईच आता रंगीत गोळे करून देतात. डिग्रीबद्दलचं त्यांचं मत मात्र आहे तिथंच आहे.

गेल्या आठवड्यात नवा पेच आला. गंगापूर रोडवरच्या एका शाळेनं १४ हजार देऊ केलेत, बाराही महिने. पण पहिलं वर्षभर दुसऱ्या शिक्षिकेच्या हाताखाली, आणि सिडकोहून जायला दोन बस. जुन्या शाळेनं हे ऐकून केजीची समन्वयक करतो म्हटलंय, तोंडी. मुलगी यंदा दहावीला. शनिवारी साडेचारला टीचर येणार आहेत. फोनवर बजावून सांगितलंय, ह्या वेळी तक्ता काढायचा नाही.