सिग्नलला थांबलं की जुन्या गाडीचे हेडलाइट मंद होतात, रेस दिली की उजळतात. काय बिघडलं असेल?

लगेच बॅटरी बदलू नका. रेस दिल्यावर उजेड वाढतो म्हणजे आधी संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर. बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. लाइट लावल्यावर १३ च्याही खाली आलं, तर अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट ढिला असेल किंवा त्याच्या आतले कार्बन ब्रश झिजले असतील.

व्होल्टेज ठीक, पण एकच दिवा लुकलुकतो? मग अर्थिंग, म्हणजे दिव्याची गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर बघा. माझा डावा दिवा कात्रज घाटात मिचमिचायचा. बॉनेट उघडलं तर अर्थच्या बोल्टखाली हिरवट गंज! पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला, झालं. बल्बचा होल्डर वितळलेला दिसला तर पुण्यातल्या नाना पेठेतून नवा आणा आणि सोबत रिले किटही बसवून घ्या, म्हणजे दिव्यांना करंट स्विचमधून न जाता थेट बॅटरीकडून मिळेल. बऱ्याच जुन्या गाड्यांत सगळा करंट बिचाऱ्या स्विचमधूनच जातो.