हंगाम आला की वर्ग ओस

प्रश्न : शेतीक्षेत्रात नोकरी करणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मी समन्वयक आहे. विद्यार्थी बियाणे, खते, ठिबक अशा कंपन्यांतले. हंगाम सुरू झाला की निम्मे दिसेनासे होतात. मुदत वाढवली तर वेळेत काम देणारे चिडतात, नाही वाढवली तर माणसं अभ्यासक्रमच सोडतात. शेवटच्या प्रकल्पाचंही असंच रखडतं. काय करू?

उत्तर : मुदत वाढवून देऊ नका. ती आधीच निवडायला लावा.

मी हे काम सुरू केलं तेव्हा तारखा सत्राच्या वेळापत्रकावरून ठरवायचे. मक्याच्या बीजोत्पादनातल्या एका विद्यार्थ्याने चाचणी बुडवली, म्हणून त्याला कडक ईमेल धाडला. उलट उत्तर आलं : मादी ओळींतले, म्हणजे ज्यांचं बियाणं घ्यायचं त्या ओळींतले, तुरे पराग उधळायच्या आत काढावे लागतात, दिवस हुकला तर बियाण्यात भेसळ होते, मॅडम, चाचणी पुन्हा घेता येईल, फुलोरा नाही. मी गप्प बसले.

पुढच्या तुकडीपासून प्रवेशाच्या वेळीच एक तक्ता भरून घेऊ लागले. वर्षाचे 52 आठवडे, आणि त्यातले कामातून अजिबात सवड न मिळणारे कोणते. माझी समजूत होती की सगळ्यांची घाई पेरणीतच. ती चुकीची निघाली. खतवाल्याची धावपळ पेरणीच्या आधी, बीजोत्पादनवाल्याची फुलोऱ्यात, साठवणूक बघणाऱ्याची काढणीनंतर. विद्यार्थी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे असतील तर ऋतूच उलटे!

आता प्रत्येक गृहपाठाला सहा आठवड्यांच्या अंतराने दोन तारखा ठेवते. पहिल्या आठवड्यात ज्याने त्याने एक निवडायची, मग बदल नाही. सवलत सगळ्यांना सारखीच, त्यामुळे कुरकुर बरीच थांबली. गटकार्यात एकाच हंगामात अडकणाऱ्यांना एकत्र बसवा. नाहीतर मोकळा असलेला एकटाच गाडा ओढतो आणि वर्षभर राग धरतो.

संख्याशास्त्राला मात्र हे लागू पडत नाही. तिथे मागचं सुटलं की पुढचं कळत नाही. तक्ते बघून जास्तीत जास्त लोक मोकळे असतील तेव्हाच तो विषय ठेवा, आणि नाणी-फासे सोडून शेतावरून शिकवा. आमच्याकडे एकाने अभिमानाने सांगितलं, शेताच्या एका अंगाला नवं खत टाकलं, दुसऱ्या अंगाला जुनं. नव्याचं उत्पन्न जास्त. मागून कुणीतरी विचारलं, ‘पाट कुठल्या अंगाला?’ नव्याच्याच! चिठ्ठ्या टाकून वाफे का वाटायचे, शेताचे सारख्या परिस्थितीचे गट का पाडायचे, हे त्या एका प्रश्नात सगळ्यांना कळलं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले, ते तिथे 1843 पासून चाललेल्या पीकप्रयोगांच्या नोंदी उलगडायला. हे शास्त्र वाढलं शेतात, आणि आपण ते शिकवतो जुगाऱ्याच्या उदाहरणांनी.

प्रकल्प रखडण्याचं कारण बहुतेकदा कंपनीची आकडेवारी असते. एका विद्यार्थिनीने प्रबंध पूर्ण लिहिला, तेव्हा तिच्या साहेबांना आठवलं की हे आकडे बाहेर द्यायचे नाहीत. सहा महिने गेले, विषय नव्याने. तेव्हापासून मी प्रस्तावाबरोबरच कंपनीचं पत्र मागते : कुठले आकडे वापरता येतील, प्रबंध कोण वाचेल, तोंडी परीक्षेला बाहेरचे बसले तर चालेल का. ‘तोंडी परवानगी आहे, मॅडम’ हे मी ऐकून घेते आणि तरीही मार्गदर्शक नेमत नाही.