कोकणात खाडीतल्या बेटावर कुटुंबासह राहायला गेल्यावर पावसाळ्यात रुळायला किती काळ लागतो?

किती काळ ते सांगते, पण आधी मला सांगा, तुमची स्वतःची होडी आहे का? तुम्ही पुण्याहून येणार, मुलं नऊ आणि चार वर्षांची आहेत, दोघंही घरून काम करता, एवढं सगळं प्रश्नात लिहिलंत. होडीचं नाव नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही नोव्हेंबर २०२० मध्ये पिंपरी सोडून मालवण तालुक्यात आलो. कालावल खाडीतल्या एका जुव्यावर नवऱ्याचं वडिलोपार्जित घर आहे. खाडीतल्या बेटाला इकडे जुवा म्हणतात. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इथे बहुतेक वर्षी तेवढा एकट्या जुलैतच होऊन जातो.

पहिला पावसाळा सुरू व्हायच्या आतच, १६ मे २०२१ ला, तौक्ते वादळ आलं. निम्मी कौलं गेली आणि वीज कित्येक दिवस नव्हती. घर सामाईक असल्यामुळे मुंबईच्या मोठ्या भावजींशी बोलणं झालं. सुपारी-नारळाच्या पैशातून स्लॅब घालू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आधी होडी घेऊ. "तर आहे ना, आपले बापजादे तरीवरच जगले," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तर म्हणजे खाडीपलीकडे माणसांची ने-आण करणारी होडी. नवराही गप्प बसला.

जुलैत मुलीला ताप आला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तुमच्या थोरल्याएवढी. डोळे लाल झाले होते, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईना. दोन दिवस आम्ही तापाच्या गोळीवर काढले, ती चूक आमची. तिसऱ्या रात्री ताप १०४ वर गेला. तर संध्याकाळीच बंद झालेली, फोनला रेंज नाही. शेजारच्या काकींच्या मुलाची लाकडी होडी होती, तो लगेच उठून आला. पण घाटावर बॅटरी मारली तर लाल पाणी नुसतं धावत होतं, त्यातून अख्खा ओंडका गेला.

तेवढ्यात काकी आल्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन. "वायच थांब गो, पाणी उबा रवांदे," म्हणाल्या. खाडीला मिळणाऱ्या गड नदीला पूर होता आणि त्यात सुकती, म्हणजे ओहोटी लागलेली. दोन्ही पाणी एकाच दिशेला, समुद्राकडे ओढत होतं. भरती चढली की समुद्र नदीला उलट रेटतो, वेग मोडतो आणि भरतीच्या टोकाला पाणी थोडा वेळ थबकतं. काकींनी पायरीच्या चिऱ्याच्या भेगेत एक काडी खोचली. मुलीला मेणकापडात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि दोन तास मी ती काडी बघत बसले. काडी बुडाली. थोड्या वेळाने घाटाजवळ वाहत आलेलं नारळाचं एक सोडण पुढे न जाता जागच्या जागी गोल फिरायला लागलं. काकी म्हणाल्या, "आता जावा."

पलीकडे पोचलो. रक्त तपासल्यावर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस निघाला. आठवडाभराने ती घरी आली. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरली होती आणि टाचेला चीर होती. तेव्हा पायाला जखम असेल तर मुलांना शेतात सोडू नका, आणि पावसाळ्यातला ताप एक दिवसही घरी ठेवू नका.

शेजाऱ्यांची होडी नसती तर काय झालं असतं, हे मी भावजींना फोनवर विचारलं. त्यांनी पुन्हा स्लॅबचं काढलं. छप्पर गळलं तर खाली घमेलं ठेवता येतं. त्या रात्री त्यांची ती तर कुठे होती? पुढच्या मार्चमध्ये मी बांगड्या मोडून फायबरची होडी घेतली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मुलं महिन्याभरात रुळतात. मला दोन पावसाळे लागले. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी मेमध्येच संपवा: तांदूळ, कुळीथ, सुकट, खारवलेले बांगडे, कोरडी लाकडं, पडवीला झडी, म्हणजे पाऊस अडवायचे झावळ्यांचे आडोसे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताज्या मासळीच्या भरवशावर राहू नका. भरती पाठ करा. तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती. हिशेब ढोबळ आहे, तासाभराचा फरक धराच. शाळेचे काही दिवस बुडतात, ते बुडू द्या, पण पुरात पोराला तरीवर चढवू नका. घरून कामाचं म्हणाल तर पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, साहेबांना आधीच सांगून ठेवा.

एक राहिलं. तुमच्या बेटाला पूल असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. आणि होडी असली तरी पुरात स्वतः वल्हवायला जाऊ नका, जाणता माणूस आणि लाइफ जॅकेट हवंच.

भावजी दर गणपतीला येतात. गणपतीची मूर्ती आणि ते, दोघंही त्याच होडीतून येतात, आता मुलगी बापाबरोबर वल्हं धरते. होडीचे निम्मे पैसे त्यांनी अजून दिलेले नाहीत. यंदा बॅगा उतरवायच्या आधी मी मागणार आहे.