अमेरिकेत दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवताना स्वस्तातल्या ट्रेलरवर मोटरसायकल न्यावी का?

तुम्ही विचारलंय की ओहायोतून दक्षिणेकडे शिफ्ट होतोय, मोटरसायकल दोनशे किलोच्या आसपासची आहे, तर खोक्यात सुटा येणारा चार बाय आठ फुटी ट्रेलर घेऊन स्वतः न्यावी की ट्रेलर भाड्याने घ्यावा. खाली जोडलंय, ‘घरचे म्हणतात असलं स्वस्तातलं धूड हायवेवर न्यायचं नाही.’ प्रश्न मी सोडून दिला असता, पण ती खालची ओळ वाचली आणि लिहायला बसलो.

घ्या आणि न्या. मी नेली आहे. ओहायोतल्या कोलंबसहून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीला, साडेचारशे मैल, मध्ये अख्खं वेस्ट व्हर्जिनिया आडवं. वाटेत बेअरिंग गेलं, तेही सांगतो, कारण आमच्या घरात ती हकिकत ‘बघ, मी सांगत होतो’ या चालीवर सांगितली जाते आणि ती तशी नाहीये.

सांगत होते ते आमचे साडू. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तेव्हा आम्ही एकाच गावात. त्यांच्या दारात भलीमोठी पिकअप. तिच्या हौद्यात आजवर मी दिवाळीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर एवढंच बघितलंय. मोटरसायकल हौद्यात घालून नेऊ का विचारलं, तर “अरे, ओरखडे पडतात.” मग ट्रेलर घेतो म्हटलं, तर “असला ट्रेलर त्या घाटात टिकायचा नाही.” मग करू काय? “चालवत ने. मोटरसायकल चालवायची असते, ओढायची नसते.” नोव्हेंबरात! बायको एकटी घाटातून गाडी चालवणार, मागे अडीच वर्षांची मुलगी दर वळणाला ओकणार, आणि मी पुढे जाकीट घालून वीरासारखा.

माझी रॉयल एन्फील्डची इंटरसेप्टर. इथे ती आयएनटी ६५० म्हणून विकतात, कारण इंटरसेप्टर हे नाव इथे होंडाकडे आहे. वजन २०२ किलो, म्हणजे साधारण ४४५ पौंड. ट्रेलर, त्यावर तळाला टाकायचा प्लाय, पट्टे धरून सगळं साडेसातशेच्या आत. ओढायला होंडाची सीआर-व्ही गाडी, तिची मर्यादा १५०० पौंड. म्हणजे निम्मंच ओझं. हे गणित मी साडूंना कागदावर मांडून दाखवलं होतं. तो कागद अजून ठेवलाय.

तरी शनिवारी जोडणीला ते आलेच, माणूस मनाने चांगला आहे. दिवसभर गॅरेजमध्ये नटबोल्ट. संध्याकाळी डाव्या चाकाचा हब (चाकाचा मधला गोल भाग, ज्यात बेअरिंग बसतं) उघडून मी त्यात नवं ग्रीस भरलं, मनगटापर्यंत बरबटलो. उजव्याला हात घालणार तोच साडू म्हणाले, “कंपनीने भरलेलं असतं रे, उघडतोस कशाला?” तेवढ्यात पिझ्झा आला. उजवं तसंच राहिलं.

पुढच्या शनिवारी निघालो. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनला पेट्रोल भरलं, पट्टे तपासले, चाकांकडे बघितलं नाही. पुढे टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर, बेकली गावाच्या अलीकडच्या टोलनाक्याला वेग कमी करून काच खाली घेतली तर मागून जात्याची घरघर. बायको म्हणाली, “दळण कुठे चाललंय?” चारही दिवे लुकलुकत ठेवून ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने बेकलीचा थांबा गाठला. डावा हब कोमट. उजव्यावर बाटलीतले चार थेंब टाकले तर तव्यावर उडावेत तसे चुर्रकन उडाले.

थंड झाल्यावर हबवरची टोपी काढली. आत ग्रीस म्हणून जे होतं ते वाळलेल्या डिंकासारखं एका कडेला चिकटलेलं, बाकी कोरडं. बेअरिंगचे रोलर निळे पडलेले. नशीब, आस शाबूत होता. ट्रेलर तिथेच सोडून गाडी घेऊन पार्ट्सचं दुकान गाठलं. एक इंची आसाचं बेअरिंग, नंबर एल ४४६४३, आता माझ्या पॅन नंबरसारखा पाठ आहे. दुकानदाराने मान वर न करता काढून दिलं, कारण इथल्या छोट्या ट्रेलरांना हेच माप सर्रास असतं. ‘स्वस्तातलं, स्वस्तातलं’ म्हणणाऱ्यांच्या हे डोक्यात येत नाही. भारीतल्या कुठल्या तरी ट्रेलरचा खास पार्ट बेकलीत शनिवारी दुपारी मिळाला असता का?

बेअरिंगचा जुना कप, म्हणजे बाहेरचं कडं, हबमधून ठोकून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. शेजारी ट्रक लावून बसलेला साठीचा एक ड्रायव्हर न विचारताच हातोडी आणि पितळी पंच घेऊन आला. ग्रीस कसं भरायचं तेही त्यानेच दाखवलं. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत, खरवडत राहायची, पलीकडच्या बाजूने शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवायचं आणि परत तेच. मी डाव्या बाजूला वरून नुसतं फासलं होतं, म्हणून तेही पुन्हा केलं. अडीच तास गेले. मुलगी झोपली होती. पुढे दोन बोगदे पार करून व्हर्जिनियातल्या फॅन्सी गॅप घाटाचा उतार धुक्यात ४५ च्या वेगाने उतरलो. रात्री अकराला रॉली. मोटरसायकलवर ओरखडा नाही.

आणि मग फोन करून साडूंना सगळं सांगायची चूक केली. तेव्हापासून त्यांचं म्हणणं, ट्रेलर फालतू. माझं म्हणणं, ट्रेलरचं नाव घेऊ नका, ग्रीस नव्हतं आणि ते का नव्हतं हे आपल्या दोघांना माहीत आहे. शेवटी दोघी बहिणींनी जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायला बंदी घातली. म्हणून इथे लिहितोय.

तर तुमच्यासाठी. ट्रेलर जोडतानाच दोन्ही हब उघडा. खोक्यातलं ग्रीस नावापुरतं असतं. आणि ही चाकं बारा इंची असतात. गाडीचं चाक एक फेरा घेतं तेवढ्यात ट्रेलरचं जवळजवळ दीड घेतं, म्हणजे तुमच्या सत्तरला त्या बिचाऱ्या बेअरिंगचे शंभर होतात. या टायरांची मर्यादा बहुतेक वेळा ६५ मैल असते, तीही पूर्ण हवा असेल तर. पंचावन्न-साठने जा. आसाच्या टोकाचा नटही जीव खाऊन आवळायचा नसतो. आधी घट्ट करून बेअरिंग बसवायचं, मग सैल सोडून हातानेच टेकवायचा आणि तो फिरू नये म्हणून कॉटर पिन घालायची. मी पहिल्या वेळी पान्याने आवळला होता. हो, उजवाच. टोपी काढून बघितला, जरा ढिला वाटला, दिला एक झटका. पण आत ग्रीस असतं तर तेवढ्याने काही झालं नसतं, या मतावर मी ठाम आहे.

वजनाचं आमचे आजोबा उसाची बैलगाडी भरताना जे म्हणायचे तेच, की गाडी उलाळ नको. मागे जड झालं की हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पुढच्या दांड्यावर यायला हवं. आमच्या बाबतीत सत्तर ते शंभर पौंड. बाथरूममधल्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर दांडा टेकवला की कळतं. मोटरसायकल इंचभर पुढे-मागे करायची आणि मगच पुढचं चाक ज्यात अडकतं तो चॉक पक्का करायचा, तोही खालच्या लोखंडाला, नुसत्या प्लायला नाही.

पट्टे हँडलला बांधू नका (हाही साडूंचाच सल्ला). हँडलच्या खाली दोन्ही फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) जिथे जाड पट्टीत धरलेले असतात तिथे कापडी फासे घाला, तिथून दोन पट्टे पुढे दोन कोपऱ्यांत, आणखी दोन मागून. फोर्क निम्माच दाबा. पूर्ण दाबलात तर त्यांचं सील जाऊ शकतं. साइड स्टँड वर. पंधरा-वीस मैलांवर थांबून पट्टे परत ओढा, ते हमखास सैल होतात. आणि दर थांब्याला दोन्ही हबना हात लावा.

भाड्याचं राहिलं. एकदाच न्यायची असेल आणि नंतर ट्रेलरचं काही काम नसेल, तर खरं म्हणजे भाड्याचाच घ्या. एका शहरात उचलून दुसऱ्या शहरात सोडता येतो, आणि बेअरिंगची काळजी त्यांची. एवढं सगळं लिहून झाल्यावर हे कबूल करणं जिवावर येतंय. मला पुढे बागेची माती, फ्रीज, मित्रांचे सोफे न्यायला ट्रेलर उपयोगी पडला, म्हणून पैसे वसूल झाले. तुमची मोटरसायकल साडेतीनशे किलोच्या घरातली असती तर हे सगळं उत्तर रद्द समजा, चार फुटी फळीवर ते ओझं एकट्याने चढवायला जाऊ नका. नंबर प्लेटचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, जिथे चाललात तिथलेही आधीच बघून ठेवा. आणि घडीचा ट्रेलर असेल तर प्लाय दुकानातच मधोमध कापून घ्या, मी अखंड आणला होता.