दोह्यात भेटले कृषी केंद्रवाले

प्रश्न : नमस्कार. पोरगा कतारमधी दोह्याले नोकरीवर आहे, त्यानं तिकीट पाठवलं म्हणून जानेवारीच्या शेवटी मी अन् घरची, दोघंही जाऊन आलो, विमान नागपूरहूनच होतं. एका शुक्रवारी संध्याकाळी पोरगा आम्हाले सूक वाकिफ म्हणून जुना बाजार आहे तो दाखवाले घेऊन गेला. तिथं ससाणे विकाले ठेवतात, डोळ्यावर चामड्याची टोपी घातलेले, ते पाहत उभा होतो त मागून आवाज, "काय हो भाऊ, इथं कुठं?" वळून पाहतो त आमच्या गावचे कृषी केंद्रवाले! सोबत वहिनी, हातात चहाचा कागदी कप. आता खरं सांगतो, त्याईची खता-बियाण्याची उधारी बाकी आहे माह्याकडं, दिवाळीत मीच म्हटलं होतं का कापूस निघू द्या. २०२५-२६ च्या हंगामाले लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले ८११० रुपये जाहीर झाला, पण खेड्यावर येणारा व्यापारी त्या भावानं घेते कुठं? ते पैशाचं काहीच बोलले नाही, आम्हाले चहा पाजला, फोटो काढला. आता दुकानासमोरून जायची हिंमत होऊन नाही रायली. एवढ्या मोठ्या दुनियेत नेमका हाच माणूस कसा काय भेटते? अन् त्याईले आता सांगू काय?
– एक कास्तकार, राळेगाव तालुका

उत्तर : भाऊ, पत्र वाचून आधी हसू आलं, राग मानू नका. पहिले भेटीचं पाहू, कारण त्यातला अर्धा योगायोग तर हंगामानंच जुळवलाय. कृषी केंद्रवाला जून-जुलैत दुकान सोडूच शकत नाही, रब्बीचा माल उठला की मग त्याला जरा मोकळीक, तुमचंही तूर अन् कापसाचं मोठं काम उरकलं की तेव्हाच. तिकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाते, म्हणून पोरंही आईबापाला थंडीतच बोलावतात. नागपूरहून थेट परदेशात जाणारी विमानं मोजकीच, दोहा, शारजा वगैरे. कतारची लोकवस्ती ३० लाखांच्या आसपास, त्यात ७ लाखांहून जास्त आपले भारतीय, म्हणजे कोणाचा पोरगा, कोणाचा जावई, कोणाचा साळा तिथं असणारच. सुट्टी शुक्रवार-शनिवारची, अन् पाहुण्याला दाखवायचं म्हटलं की समुद्राकाठचा कॉर्निश नाहीतर हाच बाजार. दुनिया मोठी असेल बा, पण तुम्ही दोघं फिरत होते ते दोन-चार गल्ल्यांत.

आता "नेमका हाच" म्हणता, ते भेटल्यावर म्हणता ना. सरपंच भेटले असते, बँकेचे साहेब भेटले असते, पोराचे जुने मास्तर भेटले असते, तरी हेच म्हटलं असतं! ओळखीच्या शेकडो लोकांपैकी कोणीही चाललं असतं. २३ माणसं एका खोलीत बसवली तर कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे गणित पक्कं आहे पण पटत नाही, कारण प्रत्येक जण आपल्याच तारखेशी जुळवून पाहतो. पर्सी डायकोनिस अन् फ्रेडरिक मोस्टेलर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये योगायोगावरच लेख लिहिला, त्यातलं सार हेच, की लोक अन् प्रसंग पुरेसे जास्त असले तर अशक्य वाटणारी गोष्टही कुठंतरी घडतेच. अन् त्याच संध्याकाळी तुमच्या ओळखीचा कोणी दहा मिनिटं आधी तिथून निघूनही गेला असेल, त्याची गिनती कोण करते?

राहिली उधारी. तुम्हाला वाटून रायलं की ते तुमच्या तिकिटाचा हिशोब करून रायले. पण त्यांची पंचाईत काय कमी आहे? कंपनी आगाऊ पैसे मागते, माझाच हात अडकला आहे, असं दुकानदार वर्षभर सांगत असतात, अन् असा माणूस कास्तकाराला दोह्यात दिसला! चहा एवढ्या तातडीनं पाजला तो त्यामुळंही असेल, असा आपला माझा अंदाज. तेव्हा रस्ता बदलू नका, बदललेला रस्ता गावात लवकर दिसते. सकाळी गिऱ्हाईक नसताना जा, जेवढे जमतील तेवढे द्या, वहीत लिहून घ्या, बाकीची तारीख सांगा, तिकीट पोरानं काढलं हे एका वाक्यात सांगून मोकळे व्हा. विमानात जेवायला काय दिलं ते नंतर कधीतरी. अन् एक आगाऊपणा करतो, उधारीच्या मालाला रोखीपेक्षा जास्त भाव लागतो हे तुम्हाला ठाऊकच आहे, तर पोरालाच स्पष्ट विचारा ना, तिकिटाएवढे पैसे त्यानं इकडे भरले तर यंदाचं बियाणं रोखीत येईल.

प्रश्न : मैत्रिणींसोबत बँकॉकला गेली होती, तिथं आमच्या आर्वीचे एक काका दिसले अन् त्यांनी पाहून तोंडच फिरवलं. हाक मारायला पाहिजे होती का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : नाही. समोरच्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं की आपणही पुढे निघायचं, ते तिथं काय करत होते याचा विचार तर अजिबात नको. घरी सांगायची घाई नको, काकूंना तर नाहीच नाही. फक्त तुमचे फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी मोठे करून पाहा, मागं कोण उभं आहे ते.