किल्ल्याला भेगा का पडतात?

प्रश्न : आमच्या गल्लीतली मुलं यंदा दिवाळीत येळ्ळूरचा राजहंसगड करणार आहेत. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाआधीच तटाला भेगा पडल्या, एक बुरूज बसला. अळीवही कुठे दाट, कुठे टक्कल. माती शिवारातलीच होती. काय चुकलं?
– एक वाचक, वडगाव

उत्तर : शिवारातली म्हणजे काळी माती, घोटाळा तिथंच. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. जाड थर फाटणारच. खानापूरकडची तांबडी माती आणा. चाळलेल्या 4 बुट्ट्या मातीला 1 बुट्टी वाळू आणि अर्धी बुट्टी बोटभर लांबीची चिरलेली पिंजर (भाताचं वाळलेलं काड) घाला, रात्रभर भिजवा, सकाळी तुडवा. काळीच माती मिळाली तर वाळू दुप्पट.

बुरूज बसतो तो आतून. नुसत्या ओल्या मातीच्या ढिगाला वरचं वजन पेलत नाही. आधी दगड-विटांचा डोंगर रचा, फटी खडीने भरा, वर चिखलात बुडवलेलं किंतान (गोणपाट) पसरा. मग माती लिंपा, एका वेळी इंचभरच. थर दाबून रात्रभर सावलीत सुकू द्या. सकाळी बारीक भेगा दिसतील. त्यांत त्याच मातीचा पातळ राडा ओल्या फडक्याने चोळा. उन्हात घाई केलीत तर वरचं आधी वाळतं, आतलं ओलंच राहतं आणि पापुद्रा सुटतो. परतीचा पाऊस काही सांगून येत नाही, तेव्हा बाजूने चर काढा आणि ताडपत्री हाताशी ठेवा.

अळीव लक्ष्मीपूजनाच्या 5-6 दिवस आधी, तटापासून वीतभर लांब, उतारावरच पेरा. बी पुरू नका; ओल्या मातीवर विरळ भुरभुरवा आणि हलकं दाबा. पाणी फवाऱ्यानेच. तांब्याने ओतलं की बी घरंगळून पायथ्याशी गोळा होतं. तुमचं टक्कल बहुधा त्यामुळंच.

आणखी एक नेहमीचं दुखणं : मावळे दरवाजापेक्षा उंच! 3 इंची मावळा ठेवणार असाल तर दरवाजा निदान 5 इंच हवा. दुकानातून मावळे आधी आणा, दरवाजा मग बांधा. गडावरचं सिद्धेश्वराचं मंदिर मात्र गाळू नका; बघायला आलेला येळ्ळूरकर आधी तेच शोधेल.

प्रश्न : वाचनालयाच्या प्रदर्शनात गोकाकची लाकडी फळं मांडणार आहोत. धूळ ओल्या फडक्याने पुसली तर चालेल?
– वाचनालय कार्यकर्ती, निपाणी

उत्तर : नको. पाण्याने जुना रंग सुटतो, लाकूड फुगलं की पोपडे निघतात. मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. हॅलोजनचा दिवा जवळ लावू नका, त्याच्या उष्णतेनेही रंग तडकतो, एलईडी लावा. पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. आणि फळं हलकी असतात, पोरं उचलून बघणारच, म्हणून एखादं नवं फळ हाताळायला वेगळं ठेवा.